दिनूकाकांची बिनखिडकीची खोली

अरे, आमच्या डहाणूजवळच्या मसोलीच्या दिनूकाकांनी गोव्याची क्रूझ स्वस्तात कशी पटकावली, ऐकलंत का? एजंटबाई फोनवर म्हणाली, "काका, खिडकीवाली खोली महाग पडेल. आतली, बिनखिडकीची घेतलीत तर बराच फरक पडेल."

"आतलीच द्या," काका म्हणाले. "समुद्र काय, डहाणूला रोजच बघतो."

बोटीवर चढल्या चढल्या 'जरा पाठ टेकतो' म्हणत काका त्या अंधाऱ्या खोलीत शिरले. काकू वर डेकवर गेल्या. जेवायला हाक मारली, तर काका कुशीवर वळून म्हणाले, "अजून उजाडायचंय."

काकूंनी एकटीनेच नाचगाणी पाहिली, सूर्योदय पाहिला आणि शेवटी खाली येऊन त्यांना गदागदा हलवलं. "अहो, उठा!"

काका दचकून उठले. "काय गं, सुटली का बोट?"

"चपला घाला," काकू म्हणाल्या, "गोवा आलाय."