ओरडणाऱ्याने घालायचं पाणी

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी चारठाण्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिरलो, तेव्हा बातमी डोक्यात लिहून तयार होती. तिसरीच्या मॅडम लेकरांकडून झाडांना पाणी घालून घेतात, अशी तक्रार होती. छापून आली असती, तर मॅडमची चौकशी ठरलेलीच.

भर वर्गात मी आवाज चढवला. "मॅडम, लेकरं शिकायला येतात की राबायला?"

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतली पोरगी उठली आणि पाण्याने भरलेला तांब्या माझ्या हातात दिला.

"हे काय?"

"काका, वर्गात जो वरडंल त्यानं लिंबाला पाणी घालून यायचं. तवर राग जातो. मॅडमला बी सुट्टी न्हाई."

"अगं, मी पत्रकार आहे!"

"पुन्हा वरडलात. आता दोन तांबे."

वर्ग खदखदून हसला. मॅडमनी फळ्याकडे तोंड फिरवलं. करता काय? गेलो आणि दोन तांबे ओतून आलो. परतल्यावर भांडायला जोरच उरला नाही.

फाट्यावर चहा घेताना संपादकांचा फोन. "बातमी कुठाय? पान अडलंय माझं!" असे ओरडले, की चहावाल्यालाही ऐकू गेलं.

म्हटलं, "साहेब, ऑफिससमोर एखादं झाड आहे का?"