वहीतला गुरुवार

दिनांक १७ नोव्हेंबर १९९३, बुधवार.

मी, श्रीमती कुमुद दीनानाथ राजाध्यक्ष, वय ६१ वर्षे, निवृत्त लघुलेखिका, सध्या घरी इंग्रजीची शिकवणी, राहणार नवीन पनवेल, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

विचुंबे येथील दीपेश कमळाकर याने जूनमध्ये पत्नी रंजिता, वय २२, हिला माझ्याकडे आणले. "बाई, बिल्डर लोक घरी येतात. हिला जरा इंग्लिश शिकवा," असे तो म्हणाला. वारांची नावे पक्की व्हावीत म्हणून मी दर आठवड्याला सात वाक्ये लिहायला देते.

दसऱ्यापासून रंजिता आली नाही. आजारी असली तरी वही आलीच पाहिजे, नाहीतर मी घरी येईन, असा निरोप मी धाडला. तेव्हापासून दर बुधवारी सासू गुणाबाई वही आणते. "ताप हाय तिला," एवढेच म्हणते. त्या घरात दुसऱ्या कोणाला इंग्रजी वाचता येत नाही. मागील दोन वेळा मी फक्त वारांचे स्पेलिंग तपासून खुणा केल्या. वाक्ये वाचली नाहीत.

आजचा पाठ अपुरा दिसला म्हणून वाचला. अर्थ असा: रविवारी त्यांनी खिडकीला फळ्या ठोकल्या. सोमवारी ते दुसरी मुलगी पाहायला गेले. मंगळवारी मला जेवण नव्हते. बुधवारी सासू वही नेईल. गुरुवारी मला नेतील, कुठे ते सांगत नाहीत. पुढे फक्त 'ऑन फ्रायडे' लिहिले आहे. अक्षर सुबक आहे. एकही चूक नाही.

दुपारी अडीच वाजता मी रिक्षाने विचुंब्याला गेले. माडीच्या खिडकीला फळ्या होत्या. गुणाबाई म्हणाली, "ती म्हायेरी गेलीय."

"सकाळी ताप होता ना?"

"मंग तापातच गेली."

तेवढ्यात माडीवरून संडे, मंडे, ट्यूजडे असे ऐकू आले. मी दटावून म्हणवून घेते त्याच चालीत, जवळजवळ माझ्याच आवाजात. वेन्सडेला थांबले. पुन्हा संडेपासून सुरू झाले. गुणाबाई म्हणाली, "रेडू लावलाय." रेडिओ तिच्या मागच्या फळीवर होता आणि बंद होता.

येथे हवालदार म्हणाले, "घरगुती मामला आहे, बाई. शुक्रवारी या." हे वाक्य ते लिहीत नव्हते. मी लिहायला लावले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही मी जीप विचुंब्याला निघाल्यावर करीन. तोवर बाकावरून उठणार नाही. आता पाच वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत.