कवेलूचा राजवाडा

माहं माहेर नवेगाव बांधकडलं. आमी कोहळी लोक, तलाव बांधणारे, माहा बाप तलावाची पाळ राखत राखत शेती करे, अन् मी त्याच पाळीवर कोळशानं दगडावर सारस काढत बसायची. माय म्हणे, चित्रं काढून पोट भरते का व? आता काय सांगू तुमाले, त्याच चित्रानं पोट भरलं, अन् तेच माय माह्या पगारातलं लुगडं नेसून गावभर सांगत फिरली का माही पोरगी हायस्कूलात ड्रॉइंगची मॅडम हाय.

लग्न करून मी इकडं कचारगडच्या वाटेवरल्या गावात आली, इथंच शाळेत लागली. पण ड्रॉइंगचा तास कोणाचा, त ज्याले पाहिजे त्याचा! गणिताचे सर दारात उभे राहत, मॅडम, एक तास द्या न जी, पोर्शन राहिला. मी देत गेली, देत गेली, अन् एक दिवस संस्थेचे अध्यक्षच म्हणाले, मॅडम, ड्रॉइंगचे तास बंदच करून टाकू, तुमी ऑफिसातलं काम पाहा. माहं त दिमागच खराब झालं. ड्रॉइंगचे तास गेले त मी शाळेत कायले राहू?

आता आमच्या इकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते, घरोघरी पाव्हणे, दुपारी बाजार अन् दंडारीचा नाच, रात्री नाटक. नाटकाचे रंगवलेले पडदे वडश्याच्या नाटकवाल्यायकडून भाड्यानं येतात. मंडईचे अध्यक्षही शाळेचे हेच साहेब. मी म्हणलं, साहेब, यंदा राजवाड्याचा पडदा माही पोरं रंगवतीन, लोकायले आवडला त माहे तास माह्याजवळ राहतीन, नाई आवडला त मी गुमान ऑफिसात बसन. अध्यक्ष हासले, म्हणे चला, लागली शर्त.

पडद्यावर मी खडूनं खांब आखून दिले, रंग कालवून दिले, अन् भाऊबीजेले माहेरी गेली. आता भाऊबीज कोण सोडते जी? जातानी पोरायले म्हणलं, मोबाईल पाहून काढाचं नाई, डोळ्यानं पायलं तेच काढाचं. हा माह्या वर्गाचा नियमच हाय, पहिल्या दिवसापासून. बस, तिथंच घोळ झाला.

मंडईच्या दुपारी परत आली त पडदा टांगून होता. अन् बाप्पा! राजवाड्यावर कवेलूचं छप्पर, दाराशी धान साठवाची ढोली, खांबाले बकरी बांधून, मागं गावचा तलाव अन् त्यात सारसाचं जोडपं. नाटकात राजाचं काम करणारा गावातला ट्रॅक्टरवाला कमरेवर हात ठेवून म्हणे, मॅडम, या गोठ्यात मी दरबार भरवू का? अध्यक्ष म्हणे, ऑफिसची चाबी आणून देतो, घ्या. दहावीतली रोशनी, तिच्याच भरवशावर मी पडदा सोडला होता, तिले विचारलं, काऊन व, हा राजवाडा हाय? पोट्टी जराही भ्याली नाई. म्हणे, मॅडम, राजवाडा आमी कुठं पायला? गावातलं सगळ्यात मोठं घर पायलं, तेच काढलं.

तेवढ्यात जिलेबीच्या दुकानापुढची एक म्हातारी पुढं आली, बकरीकडं पाहत राहिली, अन् वरडली, अगे माय, हे त अध्यक्षाची शिंग मोडलेली बकरी हाय! मंग काय, सारी मंडई दुकानं सोडून पडद्यापाशी. हा दरवाजा त्यायचाच, हे ढोली त्यायचीच, राजा आपला अध्यक्षच हाय म्हणे! अध्यक्षाच्या घरच्या वहिनी पुढं आल्या, म्हणाल्या, अजी, आपलं घर इतकं सुंदर हाय, मले त ठाऊकच नवतं. अन् पडद्यापुढं उभ्या राहून फोटो काढाले लावला.

अध्यक्ष लाल झाले. टोपी सारखी केली, पडद्याजवळ गेले, लय वेळ पाहत राहिले. मंग हळूच म्हणे, मॅडम, बकरी जराशी लहान काढली पोरायनं. मी म्हणलं, साहेब, मोठी करू न जी, पण ड्रॉइंगच्या तासाले! लोकं असे हासले, असे हासले, अन् अध्यक्षायलेही हासाच लागलं. रात्री त पडदा दिसल्याबरोबर टाळ्या, राजाले तोंड उघडाले जागाच नाई.

चाबी काही आली नाई. आता बाजूच्या गावायचे लोक पडदे मागाले येतात, प्रत्येकाले आपलंच घर राजवाडा म्हणून पाहिजे. रोशनी नागपुरात चित्रकला शिकून राहिली. अन् परवा गणिताचे सर पुन्हा दारात उभे, मॅडम, एक तास द्या न जी. मी ब्रश त्यायच्या हातात देला, म्हणलं, बसा सर, पोरायसंगं एक सारस काढा, मंग पाहू. बसले बिचारे. माह्या पोरायचे हात असेच रंगात भरून राहो, दुसरं मले काही नाई पाहिजे. अन् सरायचा सारस? बदकासारखा झाला जी, पण मी टांगला वर्गात.