सुमन घरी न्हाई भाजली

माझं माहेर कंधारकडलं, बाप दुसऱ्याच्या वावरात राबायचा, अन् लगीन होऊन मी नांदेडात आले तवा सासू म्हणली शांते, हितं कापूस वेचाया न्हाई, हितं बाटल्या धुवाव्या लागतेत. मला वाटलं त्यात काय, भांडे घासणाऱ्या बाईला बाटली जड हाय का. काय सांगू तुमाला ताई, पहिल्याच दिवशी बाटलीतून मेलेली पाल निघाली अन् मला घास गिळंना.

शेठच्या गोदामात भंगारातून पोत्यानं बाटल्या येतेत, बारच्या, ढाब्याच्या, उकिरड्यावरच्या, आत बिड्याचे थोटके, चिखल, घासलेट, काय म्हणाल ते. सोड्याच्या गरम पाण्यात भिजू घालायच्या, चिकटवलेला कागद सुटला की आत वाळू टाकून खळाखळा हलवायच्या, मंग ब्रश, मंग साधं पानी. उन्हात उपड्या घातल्या की अशा लखलखतेत, कोनी म्हणणार न्हाई ही गटारात पडली व्हती म्हणून. त्याच्यात लोक मध भरतेत, तेल भरतेत. आमच्या हाताचं कातडं मात्र सोड्यानं सोलून निघतं. हातमोजे मागितले तर शेठ म्हणायचा, मोज्यानं बाटली निसटते बाई.

सुमन माझी धाकटी जाऊ. मीच तिला कामाला घेऊन गेले. मला अक्का म्हणते, बोलते कमी, हसते लई. आमच्या दोघींचे नवरेबी त्याच शेठचा गाडा वढायचे, म्हंजे अख्खं घरच त्याच्या दारात.

मंग एका साली शेठनं कुठल्या तरी बंद कारखान्यातला माल उचलला. जाड काचेच्या बाटल्या, बुडाला तेलावानी कायतरी राहिलेलं. एकीतलं थेंबभर पोत्यावर सांडलं तर पोतं जळून भोक पडलं. मी शेठला हाताला धरल्यावानी नेऊन ते भोक दाखवलं. म्हणलं शेठ, ह्या आम्ही धुणार न्हाई, ह्या बाजूला काढा. हाव हाव म्हणला. अन् दुसऱ्या दिवशी त्याच बाटल्या आमच्या ढिगात. सुमननं दुसऱ्या बाटल्यांवानी एकीत गरम पानी वतलं अन् ते आतलं उसळून तिच्या तोंडावर आलं.

ती वरडली बी न्हाई नीट. मी बादल्यावर बादल्या पानी मारलं, रिक्षात घातलं, विष्णुपुरीला सरकारी दवाखान्यात नेलं. शेठ आमच्या आधी पोचलेला, आमच्या दोघींच्या नवऱ्यायला संगं घेऊन. डॉक्टरीण बाईनं विचारलं कसं झालं, तर मी तोंड उघडायच्या आत शेठ म्हणतो, घरी संडास धुताना अ‍ॅसिड उडालं. अन् सुमनचा नवरा, माझा दीर मिलिंद, खाली मान घालून म्हणतो हाव, घरीच. आमचे हे बाजूला उभे, त्यायनी बी मान हलवली. अवो, तिचं तोंड समोर सोलून निघालेलं अन् हे दोघं भाऊ मान हलवून राहिले! शेठचा मला राग आला, पण ह्या दोघायचा आला तसा त्याचा बी न्हाई आला. मी म्हणलं डॉक्टरीण बाई, हे खोटं बोलून राहिले, ही गोदामात भाजली, माझ्या बाजूला बसून भाजली.

घरी आल्यावर आमचे हे म्हणले, तू घर बुडवलं. मी म्हणलं, जळालं ते दिसंना तुमाला, बुडालेलं बरं दिसलं.

मंग पोलीस जबानी घ्यायला आले. त्याच्या आधी मिलिंद सुमनच्या खाटंजवळ बसून तेच तेच, लेकरायकडं बघ, शेठ कामावरून काढंल, घरी झालं म्हण. ती ऐकत पडलेली. मला वाटलं, ही बी गेली त्यांच्यात. तोंडाला पट्टी, एकच डोळा उघडा. पोलिसानं विचारलं, बाई कुठं भाजलं. तिनं आधी मिलिंदकडं बघितलं, मंग हळूच म्हणली, साहेब, मी घरी न्हाई भाजले, अक्का म्हणते तेच खरं हाय. मी तिथंच खाली बसून रडले.

डोळा वाचला न्हाई तिचा. शेठनं चौघायला बी काढून टाकलं. आता आम्ही ढाब्यावरच्या बाटल्या घरीच आणून धुतो, पुसायचं काम सुमन करते. मिलिंद तिला जेवाया वाढतो, पण नजर वर करत न्हाई. करू बी नये. शेठचं गोदाम चालूच हाय, तिथं दुसऱ्या बाया बसल्यात, उघड्या हातानं. मी त्यायला सुमनचं सांगाया गेले, तर वॉचमननं मला हाकललं. मी पुन्यांदा जाणार हाय.

कोर्टात तारखा पडतेत. शेठ मोबाइलात तोंड घालून बसतो. मी सुमनला मुद्दाम त्याच्या समोरच्या बाकड्यावर बसवते.

सुमन म्हणते, अक्का, सोड की आता राग. मी म्हणते, तुझा डोळा तर गेला बाई, माझा राग तरी राहू दे.