उलटा चार

(मिशिगनमधलं कारखान्यांचं एक गाव, फेब्रुवारीची अखेर. मार्लीन ह्रुस्काच्या गॅरेजात तिच्या दिवंगत नवऱ्याची, रॉयची, एकोणसत्तर सालची दोन दारांची गाडी उभी आहे. बॉनेट उघडं. लिलाववाल्यांचा तपासनीस वेंडेल प्रुइट वही मिटायच्या बेतात आहे, तेवढ्यात मार्लीन एका म्हाताऱ्याला हाताला धरून आत आणते.)

वेंडेल: मिसेस ह्रुस्का, मागच्या आठवड्यात सांगितलं तेच मी आज सांगणार आहे. तुम्ही फोनवर इतका आग्रह केलात म्हणून आलो. पण माणसं आणून आकडे बदलत नाहीत.

मार्लीन: बदलू नका. फक्त ऐका. हे ओझी टोमझाक. कारखान्यात एकतीस वर्षं होते. ओझी, त्या स्टुलावर बसा, खुर्चीचा पाय मोडलाय.

ओझी: बसतो गं. एवढा काही मी मोडलेलो नाही. हीच का ती? रंग बघा हिचा. शिळ्या वाटाण्याच्या सुपासारखा. तेव्हाही लोक हसायचे या रंगाला.

वेंडेल: तो रंग मूळचा आहे, म्हणूनच तर मी दोनदा आलो. एवढ्या वर्षांत कुणी हात फिरवलेला नाही. डाव्या दारावर रंगाचा ओघळ आहे, तोसुद्धा कारखान्यातलाच. हल्ली लोक जुनी गाडी घासून-पुसून आरशासारखी करतात आणि किंमत घालवून बसतात.

ओझी: म्हणजे आमच्या पोरांनी घाईत केलेल्या कामाला आता भाव आहे म्हणा की.

वेंडेल: खरं असेल तर आहे. अडचण रंगाची नाही. इंजिनाची आहे.

मार्लीन: यांना दाखवा ना. मी फोटो दाखवलाय, पण फोटो तो फोटो.

वेंडेल: हे पाहा. हा इंजिनाचा ब्लॉक, ही सपाट जागा. गाडीचा जो नंबर काचेखालच्या पट्टीवर असतो तोच इथे ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर इंजिन याच गाडीचं. इथे शेवटचे चार आकडे चार, एक, दोन, सहा. पट्टीवरही तेच आहेत.

ओझी: मग जुळलं की.

वेंडेल: जुळलं. पण यातला चार उलटा आहे, डोकं खाली. आणि सगळा ठसा एका बाजूला कललेला. कारखाना असं काम करत नाही. शेडमध्ये बसून खोटा नंबर ठोकणारा करतो. अशी इंजिनं मी वर्षाला दहा-बारा पाहतो. दुसरंच इंजिन आणायचं, जुना नंबर घासायचा, नवा ठोकायचा.

मार्लीन: म्हणजे रॉय खोटारडा.

वेंडेल: मी तसं म्हटलं नाही. त्यांनी ही गाडी सत्त्याहत्तर साली घेतली. त्यांच्या आधीच्या मालकानेही केलं असेल.

मार्लीन: आधीची मालकीण शाळेत पियानो शिकवायची, मिस्टर प्रुइट. तिला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नव्हतं. राहिला रॉय. आणि रॉय मला चाळीस वर्षं सांगत आला, मार्ली, हिचं इंजिन कधी बाहेर आलेलं नाही.

ओझी: साहेब, मी एक विचारू? कारखाना असं काम करत नाही म्हणालात. तुम्ही होतात का कारखान्यात?

वेंडेल: नाही. मी गाड्या तपासतो.

ओझी: मी होतो. कारखाना असं काम करतो. हा चार मी उलटा ठोकलाय.

वेंडेल: तुम्ही.

ओझी: मीच. त्या मंगळवारी ही पोरगी आमच्या युनियनच्या हॉलवर पाँचकी, ते जाम भरलेले पोलिश डोनट, घेऊन आली. ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आदला मंगळवार, आम्ही सगळे रिटायर गडी डबे उघडून बसलो होतो. हिने साखरेच्या हाताने फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, असला ठसा कुणी पाहिलाय का. माझा घास तोंडातच राहिला.

मार्लीन: मला वाटलं यांना ठसकाच लागला.

ओझी: साहेब, ही गाडी कधी बनली?

वेंडेल: गाडीवरच्या कारखान्याच्या पाटीवर नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आहे. अडुसष्ट साल, मॉडेल पुढच्या वर्षाचं.

ओझी: पंधरा नोव्हेंबरला काय सुरू होतं?

वेंडेल: हरणांची शिकार.

ओझी: तुम्ही मिशिगनचेच. त्या वर्षी पंधरा तारखेला शुक्रवार. सोमवारी अर्धा कारखाना जंगलात. आजारी आई, मेलेली आत्या, बुडालेलं तळघर, काय वाट्टेल ती कारणं देऊन सगळ्यांनी दांडी मारलेली. माझ्याकडे बंदूक नव्हती म्हणून मी कामावर. मी सीटा बसवायचो. फोरमन आला, म्हणाला, टोमझाक, तिकडे नंबर ठोकायला कुणी नाही, जा. मी म्हटलं, मला येत नाही. तो म्हणाला, हातोडा धरता येतो ना, मग येतं.

वेंडेल: आणि शिकवलं कुणी?

ओझी: कुणी नाही. एका पट्टीत आकड्यांचे खिळे बसवायचे, छापखान्यात असतात तसे, आणि वरून हाणायचं. पुढचे आकडे तेच राहायचे, दर गाडीला शेवटचे तेवढे बदलायचे. तो चार मी सकाळी एकदा उलटा बसवला आणि तो तसाच राहिला. एकामागून एक सोळा गाड्या. मग फोरमनने पाहिलं. लाइन काही थांबवली नाही त्याने, मला मात्र थांबवलं.

वेंडेल: मिस्टर टोमझाक, गोष्ट चांगली आहे. मला आवडली. पण अशा गोष्टी मला लिलावाआधी फार ऐकायला मिळतात. एकाने तर इंजिनाबद्दल पाद्र्याचं पत्र आणलं होतं.

मार्लीन: थांबा. यांचं खरं-खोटं ठरवायच्या आधी मला काही सांगायचंय. मागच्या आठवड्यात मी सांगितलं नाही.

वेंडेल: सांगा.

मार्लीन: हा डबा. रॉयच्या खणात मिळाला, मोज्यांच्या मागे. आकडे ठोकायचे खिळे, शून्य ते नऊ.

वेंडेल: मिसेस ह्रुस्का.

मार्लीन: माहितेय. माहितेय काय अर्थ होतो ते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाला आईकडे तीन आठवडे होते. परत आले तर रॉय आणि त्याचा भाऊ या गाडीखाली, काळेकुट्ट. काय केलंत विचारलं तर म्हणे, तेल बदललं. तीन आठवडे तेल. तेव्हा हसले. आता आठवडाभर झोप नाही मला.

ओझी: अगं, हे आधी का नाही बोललीस?

मार्लीन: कारण बोलले की संपलं. हेलेन, माझी मालकीण, जूनमध्ये बेकरी विकतेय. बावीस वर्षं मी तिथल्या भट्ट्या पेटवल्या. मला द्यायला ती तयार आहे, नाहीतर फोनचा दुकानदार टपलेलाच आहे. ही गाडी खरी असली तर बेकरी माझी. खोटी असली तर किती, मिस्टर प्रुइट?

वेंडेल: खरी असली तर एक लाख वीस हजार डॉलरच्या आसपास. इंजिनावर शंका असेल तर पन्नासच्या आत.

मार्लीन: आणि हेलेनला नव्वद हवेत. पण बेकरीचं सोडा. मला तुम्ही खोटी म्हणालात तरी चालेल, पण खरं काय ते सांगा. अर्धवट माहीत असलेला नवरा मला नकोय.

वेंडेल: तो डबा द्या इकडे. साधारणपणे हा डबा सापडला की मी वही मिटतो. चार कुठाय?

ओझी: हा घ्या. आणि तो पत्र्याचा तुकडा द्या, हातोडाही. मी ठोकून दाखवतो.

मार्लीन: ओझी, तुमचा हात थरथरतो.

ओझी: हात थरथरला म्हणून ठोका चुकत नाही गं. सरक जरा.

वेंडेल: डाव्या हाताने?

ओझी: जन्मापासून. शाळेत नन् बाईंनी पट्ट्या मारल्या, तरी डावाच. हं. झालं. बघा.

वेंडेल: थांबा, भिंग लावतो. हं. हा पत्र्यावरचा चार, रॉयच्या डब्यातला, वरून उघडा आहे. आणि ब्लॉकवरचा चार वरून मिटलेला, अणकुचीदार. म्हणजे ब्लॉकवरचा ठसा या डब्यातला नाही.

मार्लीन: नाही?

वेंडेल: नाही. हे नक्की. हे खिळे त्यांनी कशाला घेतले होते कुणास ठाऊक.

मार्लीन: पाने. त्याच्या पान्यांवर आकडे आहेत. एक ते तीस. मी ते रोज बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं नाही. देवा, मी त्या माणसावर आठवडाभर संशय घेतला.

ओझी: तो काही तक्रार करायला येत नाही आता. आणि साहेब, ठसा कुठल्या बाजूने खोल गेलाय?

वेंडेल: डावीकडून. पत्र्यावरही आणि ब्लॉकवरही. कलही तोच. पण मिस्टर टोमझाक, जगात डावखुरे पुष्कळ. मला एवढ्यावर सही करता येत नाही. मी शिक्का मारला की लोक माझ्या शब्दावर पैसे टाकतात.

ओझी: नाही जमत?

वेंडेल: नाही. काही कागद असता तर.

ओझी: कागद.

मार्लीन: ओझी? काय झालं?

ओझी: काही नाही. मला वाटलं होतं, ठोकून दाखवलं की भागेल. कोटाच्या आतल्या खिशात आहे. दे काढून, माझी बोटं तिथे पोचत नाहीत. हळू, घडीवर फाटतोय.

मार्लीन: हे तर कारखान्याचं आहे.

ओझी: मोठ्याने वाचू नकोस.

वेंडेल: मी वाचतो, हळू. अठरा नोव्हेंबर एकोणीसशे अडुसष्ट. ऑस्वाल्ड टोमझाक, सीट विभाग. इंजिनावर नंबर ठोकताना चारचा आकडा उलटा. चार एक एक सात पासून चार एक तीन दोन पर्यंत, एकूण सोळा. कामगार निष्काळजी. दोन दिवस बिनपगारी घरी. खाली युनियनचा शिक्का, शिक्षेविरुद्ध तक्रार दाखल.

ओझी: तक्रार फेटाळली गेली. तेही मागे लिहिलंय.

वेंडेल: चार एक दोन सहा. या सोळांतच आहे ही. दहावी.

मार्लीन: दहावी.

ओझी: निष्काळजी. छप्पन्न वर्षं बिस्किटाच्या डब्यात ठेवलाय मी तो शब्द. माझी बायको बर्नाडेट म्हणायची, फेकून दे, कशाला उगाळत बसतोस. मला फेकवेना. तिला वाटायचं राग आहे. राग नव्हता, लाज होती. एकतीस वर्षांत हजारो सीटा बसवल्या, एकही ढिली नाही, आणि माझ्या नावाचा कागद एवढाच.

वेंडेल: मिस्टर टोमझाक, मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे. उलटा आकडा दिसला की खोटा, असं मी बाकीच्यांना शिकवतो. उरलेल्या पंधरांतल्या किती गाड्यांना मी किंवा माझ्यासारख्याने खोटं ठरवलं असेल, कोण जाणे.

ओझी: मग आता शोधा त्यांना. मी आहे अजून. अंडी खायला डॉक्टरने मनाई केलीय, बाकी ठणठणीत.

मार्लीन: मिस्टर प्रुइट, तुम्ही काय लिहिणार आहात?

वेंडेल: इंजिन मूळचं. ठसा मूळचा. आणि हा कागद गाडीबरोबर असला तर एक लाख वीसवर थांबणार नाही. पण कागद खरा हवा, छायाप्रत नाही. घेणारा तोच मागेल.

मार्लीन: नाही. तो यांचा आहे. छायाप्रतीवर जेवढे येतील तेवढे येऊ देत. हेलेनचे नव्वद तरी निघतील ना?

वेंडेल: निघतील. माझा शब्द.

मार्लीन: मग झालं. ओझी, ठेवा तो खिशात.

ओझी: दे इकडे. आण. नाही, खिशात नाही. साहेब, तुमच्या वहीत ठेवा. जाऊ दे गाडीबरोबर. मी मेलो की पोरं तो डबा बिस्किटांसकट फेकतील. इथे निदान कुणीतरी जपून ठेवेल, काचेत बिचेत.

मार्लीन: नक्की?

ओझी: नक्की. पण एक अट. बेकरी झाली की मंगळवारी मला प्लमची पाँचकी. रोज नको, मंगळवारीच. डॉक्टरला कळता कामा नये.

मार्लीन: जिवंत असेपर्यंत. तुम्ही किंवा मी.

वेंडेल: अहवालात ठोकणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही. पण मी घालणार आहे. ऑस्वाल्ड, बरोबर?

ओझी: ऑस्वाल्ड टोमझाक. सीट विभाग. तेही लिहा, मी मूळचा सीटांचा माणूस.

वेंडेल: लिहिलं.

ओझी: मार्लीन, ही चालते का अजून?

मार्लीन: चालते. रॉय गेल्यापासून दर महिन्याला एकदा चालू करते. का?

ओझी: नंबर ठोकायची जागा लाइनच्या मधोमध होती. इंजिन चालू करायचे ते पार शेवटच्या टोकाला, दुसऱ्या इमारतीत. सोळा गाड्या मी ठोकल्या, त्यातली एकही सुरू झालेली ऐकली नाही.

मार्लीन: मिस्टर प्रुइट, गॅरेजचं मागचं दार वर ढकला, धूर बाहेर जाऊ दे. ओझी, तुम्ही पुढे बसा, माझ्या शेजारी. ते पाय आत घ्या.

ओझी: सीट कशी आहे बघ. अजून पक्की. फिरव की आता किल्ली.

मार्लीन: लगेच नाही. थंडीत रॉय आधी दोनदा पेडल दाबायचा आणि मग थोडं थांबायचा. घाई केली की ही रुसते म्हणायचा.

ओझी: मग थांबू की. मला कुठे जायचंय.