खांबापाशी उभे असलेले पणजोबा

सदर बाजारातल्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोंसाठी थांबलेल्या कमलाकररावांनी, निवृत्त अभियंत्याच्या सवयीने, घड्याळ पाहिले. त्यांच्या पुढे शशिकलाबाई आणि स्टुडिओवाला पराग एका चर्चच्या जुन्या फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवरून भांडत होते.

"काकू, प्रदर्शनवाल्यांना चर्च आतून रिकामं हवंय. खांबाजवळचा हा धूसर डाग दोन मिनिटांत साफ करतो."

"डाग नाही तो, माझे पणजोबा आहेत."

"चेहरा तरी कुठे दिसतोय?"

"चर्चमधल्या अंधारात तेव्हा एका फोटोला पंधरा मिनिटं लागायची. चालता माणूस उमटतच नसे. फोटो काढणाऱ्या गोऱ्या साहेबानं सगळ्यांना बाहेर काढलं. त्याच्या पेट्या वाहणारे पणजोबा मात्र खांबाआड थांबले आणि मग पुढे येऊन उभे राहिले."

"तरी हललेच ना!"

"श्वास घेतला असेल. तेवढाही घेऊ नये? साहेबानं नासली म्हणून काच फेकली, ती त्यांनी घरी आणली."

"पण ऑर्डर प्रदर्शनवाल्यांची आहे, काकू."

"काच माझी आहे. ही बसले मी, उठवून दाखव."

"अहो, मागे लाईन लागलीये!"

शशिकलाबाईंनी वळून पाहिले. कमलाकररावांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवले.

"चालू द्या, भैया. मी उभा आहे," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले.