नवव्या संदर्भाचा प्रकाशक

सुदामा नगरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर पीएच.डी. करणाऱ्या दोन मुली बोलत होत्या.

“शर्वरी, माझा पेपर अटकलाय यार. जर्नलवाले नवव्या संदर्भाचा प्रकाशक मागतायत. उद्यापर्यंत नाही दिला तर रिजेक्ट.”

“मग लायब्ररीत पुस्तक बघ ना.”

“असेल तर बघू. एआयने मनानेच बनवलंय ते.”

“हे भगवान. सरांना सांगितलंस?”

“सांगायलाच गेले होते. नाव ऐकताच म्हणाले, उत्तम पुस्तक आहे, मी दोनदा वाचलंय.”

“अरे वा. मग प्रकाशक त्यांनाच विचारायचा.”

“विचारला.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, कस्तुरी, माझी कॉपी तूच नेली होतीस. आधी परत आण, त्यातच बघून सांगतो.”